बेडक्याचं कल्चर: वीस मिनिटांचा हिशोब

क्षयरोगाच्या कल्चर प्रयोगशाळेत, म्हणजे बेडक्यातला क्षयजंतू वाढवून पाहतात तिथे, एखाद्या महिन्यात दूषित (इतर जंतू वाढलेल्या) ट्यूबांचं प्रमाण शून्यावर आलं, तर ती आनंदाची बातमी नसते. घन माध्यमात, म्हणजे लोवेनस्टाइन-जेन्सेनच्या स्लोपवर (बाटलीत तिरक्या गोठवलेल्या अंड्याच्या माध्यमावर), १०० पैकी ३ ते ५ स्लोप दूषित होणं अपेक्षित धरतात. द्रव माध्यमात हे प्रमाण थोडं जास्त, ८-१० टक्क्यांपर्यंत चालतं. त्याहून पुष्कळ वर गेलं तर नमुने वाया जातात. फार खाली आलं तर इतर जंतू मारायला घातलेलं रसायन, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, इतकं कडक झालेलं असतं की इतर जंतूंबरोबर क्षयाचेही मरू लागतात, आणि हा तोटा कुठे दिसत नाही. दूषित ट्यूब डोळ्यांना गढूळ दिसते. मेलेल्या क्षयजंतूची ट्यूब मात्र स्वच्छ, पारदर्शक असते आणि तिचा अहवाल 'निगेटिव्ह' म्हणून जातो.

नव्या औषधाच्या चाचणीत याचं मोल फार मोठं असतं. दोन महिन्यांच्या उपचारानंतर किती जणांचं कल्चर निगेटिव्ह झालं, हा अशा चाचण्यांत वापरला जाणारा एक महत्त्वाचा निकष आहे. औषधाने जंतू मारले की आपल्या सोडियम हायड्रॉक्साइडने मारले, हे निगेटिव्ह ट्यूब सांगत नाही. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या केंद्राने घरी राहून औषध घेणारे रुग्ण आणि सॅनेटोरियममधले रुग्ण यांची तुलना केली. दोन्हीकडचे निकाल जवळपास सारखे आले आणि जगभरची उपचारपद्धती बदलली. त्या निष्कर्षाच्या मुळाशी महिनोन्महिने नीट लावलेली बेडक्याची कल्चर होती. म्हणून बेडक्यावर हे रसायन ठेवतात त्या टेबलावरच्या वीस मिनिटांबद्दल सविस्तर लिहितो आहोत.

आधी नमुना. हवा असतो बेडका, थुंकी नव्हे. ३ ते ५ मिलि, घट्ट किंवा पूमिश्रित, छातीतून खोकून काढलेला. सकाळी उठल्यावरचा नमुना सर्वांत चांगला, कारण रात्रभर साचलेला स्राव त्यात येतो. रुग्णाला आधी उकळून गार केलेल्या पाण्याने चूळ भरायला सांगावं. तोंडात अन्नाचे कण राहिले की पुढे बुरशी आणि इतर जंतू ट्यूबमध्ये हमखास वाढतात. नळाचं पाणी चुळीलाही टाळलेलं बरं. त्यात पर्यावरणातले मायकोबॅक्टेरिया, म्हणजे क्षयजंतूच्या कुळातले इतर जंतू, असू शकतात. तेही स्लाइडवर क्षयजंतूसारखाच आम्लरोधी (आम्लाने न धुतला जाणारा) रंग धरतात आणि आठवडाभर गोंधळ घालतात. सूचना छापील कागदावर देऊन भागत नाही. खोल श्वास घेऊन, दोन-तीनदा तसं करून मग खोकायचं, हे प्रत्यक्ष करून दाखवावं लागतं. नमुना खुल्या हवेत, इतरांपासून दूर घ्यावा. बंद खोलीत किंवा शौचालयात कधीच नाही.

नमुना निघाल्यापासून घड्याळ सुरू होतं. २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवला तर तीन दिवसांच्या आत लावावा, शक्यतो त्याच दिवशी. क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला १५ ते २० तास घेतो, तोंडातले साधे जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. विदर्भातल्या मे महिन्यात बर्फाशिवाय बसमधून आलेला डबा उघडायच्या आधीच बेडका पातळ आणि आंबूस झालेला असतो. अशा नमुन्यातले इतर जंतू वीस मिनिटांत मारणं अवघड. शीतसाखळी जमत नसेल तर नमुन्यात सीटाइलपायरिडिनियम क्लोराइड घालून आठवडाभर सामान्य तापमानाला पाठवता येतो, पण त्याला दोन अटी आहेत. एक, असा नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. गारठ्यात हे रसायन स्फटिक होऊन खाली बसतं आणि निकामी होतं. दोन, असा नमुना फक्त अंड्याच्या स्लोपवर लावायचा. द्रव माध्यमात या रसायनाचा अंश राहून वाढ रोखतो, अंड्यातले घटक मात्र त्याला निष्प्रभ करतात.

आता मुख्य काम. वापरायचं द्रावण म्हणजे एन-ॲसिटिल-एल-सिस्टीन आणि सोडियम हायड्रॉक्साइड. १०० मिलि साठी ४ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड ५० मिलि, २.९ टक्के सोडियम सायट्रेट ५० मिलि आणि त्यात ०.५ ग्रॅम सिस्टीनची भुकटी. पहिली दोन द्रावणं निर्जंतुक करून ठेवता येतात. भुकटी मात्र त्या दिवशीच घालायची, कारण हवेत तिचा जोर उतरतो आणि २४ तासांनी ते मिश्रण टाकून द्यावं लागतं. तिघांची कामं वेगळी आहेत. सिस्टीन बेडक्यातल्या चिकट प्रथिनांचे गंधकाचे बंध तोडून तो पातळ करतं. सायट्रेट धातूंचे आयन बांधून ठेवतं, नाहीतर ते सिस्टीनलाच निकामी करतील. मारण्याचं काम सोडियम हायड्रॉक्साइडचं. बेडक्याइतकंच द्रावण घातलं की त्याचं अंतिम प्रमाण १ टक्का होतं. नव्याने येणाऱ्यांचा नेमका इथे घोटाळा होतो. बाटलीवर ४ लिहिलेलं, मिश्रणात २, आणि बेडक्यात १. कुणी "चार टक्के वापरतो" म्हणालं तर कुठल्या पायरीवरचे चार, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

५० मिलिच्या शंकूच्या तळाच्या ट्यूबमध्ये बेडका घ्या, तेवढंच द्रावण घाला, झाकण घट्ट लावा, २० ते ३० सेकंद व्होर्टेक्स करा, म्हणजे यंत्रावर जोरात घुसळा. मग ट्यूब एकदा उलटी करून झाकणाच्या आतल्या बाजूला आणि वरच्या भिंतीला द्रावण पोचवा. हे उलटं करणं घाईत राहून जातं आणि झाकणाला चिकटलेल्या न भिजलेल्या थेंबातले जंतू पुढे सगळी ट्यूब दूषित करतात. मग १५ मिनिटं, फार तर २०, ट्यूब तशीच उभी. बेडका अजूनही तारेसारखा ओढला जात असेल तर सिस्टीनच्या भुकटीची चिमूट घाला. वेळ मात्र वाढवायची नाही.

एवढ्या सौम्य पद्धतीतही साधारण एक तृतीयांश क्षयजंतू मरतात. कडक पद्धतीत ७० टक्क्यांपर्यंत. ज्या रुग्णाच्या बेडक्यात मुळातच थोडे जंतू आहेत, म्हणजे लहान मुलं, एचआयव्हीबाधित व्यक्ती किंवा उपचार सुरू असलेला रुग्ण, त्याच्या बाबतीत पाच मिनिटांचा उशीर हा पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांतला फरक असू शकतो. उशीर होतो तो बहुधा मोजण्याच्या चुकीच्या रीतीमुळे. बारा ट्यूबा एकदम घेतल्या, सगळ्यांत द्रावण घालून मग टायमर लावला, तर पहिलीला पंचवीस मिनिटं होतात आणि शेवटचीला पंधरा. म्हणून द्रावण एकेका मिनिटाच्या अंतराने घालावं आणि त्याचा असर थांबवणारं बफर द्रावणही त्याच क्रमाने, त्याच अंतराने घालावं. एका खेपेत सेंट्रिफ्यूजच्या एका फेरीत मावतील तेवढ्याच ट्यूबा घ्याव्यात. काम जास्त असेल तर खेपा वाढवा, खेपेतल्या ट्यूबा वाढवू नका.

थांबवायला फॉस्फेट बफर, पीएच ६.८. लिटरमागे ९.४७ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेटचं एक द्रावण आणि ९.०७ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचं दुसरं, दोन्ही समभाग. ट्यूब ४५-५० मिलिपर्यंत भरायची. बफर आम्लता जागेवर आणतं, राहिलेलं सोडियम हायड्रॉक्साइड पातळ करतं आणि मिश्रणाची घनताही उतरवतं. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. क्षयाच्या जंतूच्या भिंतीत मेद खूप, त्यामुळे तो तरंगायला बघतो. ट्यूब तीस मिलिवरच सोडली तर बरेच जंतू तळाशी न बसता ओतून दिल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर निघून जातात.

त्याच कारणासाठी सेंट्रिफ्यूज ३००० जी ला १५ ते २० मिनिटं. जी म्हणजे गुरुत्वाच्या किती पट जोर ते, आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे. जुन्या वहीत "४००० आरपीएम" एवढंच लिहिलेलं असतं आणि मशीन बदललं तरी आकडा तोच राहतो. रोटरची त्रिज्या १७ सेंमी असेल तर ३००० जी साठी साधारण ३९७० आरपीएम लागतात. तेवढ्याच वेगाला १२ सेंमीच्या रोटरवर फक्त २१०० जी च्या आसपास मिळतो आणि जंतू वरच राहतात. हिशोब सोपा आहे: १.११८ गुणिले त्रिज्या सेंमीत गुणिले आरपीएमचा वर्ग, भागिले एक लाख. हा आकडा मशीनच्या झाकणावर चिकटवून ठेवावा. मशीन गार ठेवणारं हवं. साध्या मशीनमध्ये वीस मिनिटांत ट्यूब तापते, आणि सोडियम हायड्रॉक्साइडचा अंश असलेल्या कोमट पाण्यात जंतू आणखी मरतात.

फेरी संपली की बकेट लगेच उघडायची नाही. दहा मिनिटं थांबा, उडालेले सूक्ष्म थेंब बसू द्या, मग बकेट बायोसेफ्टी कॅबिनेटच्या (हवा गाळणाऱ्या सुरक्षित कपाटाच्या) आत नेऊनच झाकण काढा. क्षय हवेतून पसरतो, म्हणून या कामात सगळा धोका थेंबांचा. व्होर्टेक्स, ओतणं, पिपेट जोरात फुंकणं, ट्यूब उघडणं या प्रत्येक कृतीत थेंब उडतात. कॅबिनेट काम सुरू करण्याआधी १५ मिनिटं चालू, पुढच्या जाळीवर वही किंवा टिश्यूचा गठ्ठा नाही, हात हळू. एन-९५ मास्क, दोन जोड हातमोजे, मागून बांधायचा गाऊन. वरचं पाणी फिनॉल असलेल्या भांड्यात, नरसाळ्यातून, ट्यूबची कड कशालाही न टेकवता, एका संथ ओघात ओतायचं. कडेला लटकलेला थेंब फिनॉलमध्ये भिजवलेल्या कापसाने टिपावा. तळाशी राहिलेल्या गाळात १ ते २ मिलि बफर घालून तो हलकेच ढवळा.

हा गाळच सगळं काही आहे. त्यातला ०.५ मिलि द्रव माध्यमाच्या ट्यूबमध्ये, प्रत्येकी ०.२ मिलि दोन स्लोपवर, एक थेंब स्लाइडवर आणि उरलेला फ्रिजमध्ये. उरलेला जपणं फार उपयोगी पडतं. ट्यूब दूषित निघाली तर त्याच गाळावर पुन्हा एकदा प्रक्रिया करता येते, रुग्णाला परत बोलवावं लागत नाही.

स्लोप विकत मिळतात, पण स्वतः बनवणाऱ्या प्रयोगशाळाही पुष्कळ आहेत आणि नीट केले तर ते उत्तम होतात. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जंतू जाहीर केला तेव्हा त्याने तो उष्णतेने गोठवलेल्या रक्तद्रवावर वाढवला होता. अंड्याचं माध्यम नंतर आलं आणि टिकलं. एक लिटर अंड्यासाठी २० ते २५ अंडी लागतात. सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, आणि ज्या कोंबड्यांच्या खाद्यात प्रतिजैविक आहे त्यांची अजिबात नकोत. औषधाचा अंश अंड्यात उतरला तर स्लोप दिसायला सुंदर होतो आणि त्यावर काही उगवत नाही. गावठी अंडी देणारा ओळखीचा माणूस शोधून ठेवणं म्हणूनच शहाणपणाचं. अंडी साबणाने घासून धुवा, वाहत्या पाण्यात खळबळा, ७० टक्के अल्कोहोलमध्ये १५ मिनिटं बुडवा, मग निर्जंतुक भांड्यात फोडा, ढवळा, निर्जंतुक कापडातून गाळा.

त्यात ६०० मिलि क्षारद्रावण आणि २ टक्के मॅलाकाइट ग्रीन २० मिलि. क्षारद्रावणात पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २.४ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२४ ग्रॅम, मॅग्नेशियम सायट्रेट ०.६ ग्रॅम, ॲस्पॅराजिन ३.६ ग्रॅम आणि ग्लिसरॉल १२ मिलि. हिरवा रंग इतर जंतूंना दाबतो, जास्त झाला तर क्षयालाही दाबतो, आणि उजेडात विटतो. म्हणून बाटल्या अंधारात ठेवायच्या. बाटलीमागे ६ ते ८ मिलि भरून तिरक्या ठेवायच्या आणि ८० ते ८५ अंशाला ४५ मिनिटं गोठवायच्या. उष्णता वर गेली की बुडबुडे येतात आणि रंग उडतो. कमी पडली तर पृष्ठभाग मऊ राहतो आणि लूप लावताच फाटतो. नंतर सगळी खेप ३७ अंशाला ४८ तास ठेवून निर्जंतुक आहे का ते पाहावं. पावसाळ्यात झाकणाच्या रबरी चकतीखाली बुरशी धरते, तेव्हा चकत्या दर खेपेला उकळून, वाळवून वापराव्यात.

द्रव माध्यमाच्या ट्यूबमध्ये ७ मिलि मिडलब्रुक ७एच९ हे पोषक द्रावण असतं आणि तळाशी रुथेनियमचा चमकणारा संयुग. ऑक्सिजन आहे तोवर चमक दबलेली. जंतू ऑक्सिजन खाऊ लागले की चमक दिसते आणि मशीन दर तासाला ती वाचतं. लावण्याआधी ट्यूबमध्ये ०.८ मिलि पूरक द्रावण घालायचं, ज्यात वाढीचे घटक आणि पॉलिमिक्सिन, ॲम्फोटेरिसिन, नॅलिडिक्सिक ॲसिड, ट्रायमेथोप्रिम, ॲझलोसिलिन ही पाच प्रतिजैविकं असतात. कोरड्या प्रतिजैविकांच्या बाटलीत १५ मिलि वाढीचं द्रावण घालून ते तयार होतं आणि फ्रिजमध्ये पाच दिवस टिकतं. सहाव्या दिवशी उरलेलं वापरण्याचा मोह टाळावा. महिन्याच्या शेवटी दूषित ट्यूबा अचानक वाढल्या की आम्ही आधी या बाटलीवरची तारीख पाहतो, मग सोडियम हायड्रॉक्साइडकडे वळतो. सोडियम हायड्रॉक्साइड ४ चं ६ टक्के करणं हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. त्याआधी नमुना किती दिवसांनी आला, बर्फ होता का, झाकणापर्यंत द्रावण पोचलं का, हे तपासायचं.

स्लोप पहिला आठवडा आडवे, झाकण किंचित सैल ठेवून, म्हणजे पाणी सुकतं आणि जंतू सगळीकडे पसरतात. मग झाकण घट्ट करून उभे. पहिल्या आठवड्यात काही उगवलं तर ते क्षयाचं नाही. क्षयाच्या वसाहती तीन-चार आठवड्यांनी दिसतात: पिवळसर, कोरड्या, खडबडीत, फुलकोबीसारख्या. वीसच्या आत असतील तर मोजून आकडा लिहायचा.

सर्वांत धोकादायक चूक दूषित ट्यूबेची नाही, एका रुग्णाचा जंतू दुसऱ्याच्या ट्यूबमध्ये जाण्याची आहे. ती दिसत नाही आणि निरोगी माणसाला सहा महिन्यांची औषधं देऊ शकते. वाट जवळजवळ नेहमी बफरची बाटली असते. एकाच बाटलीतून सगळ्या ट्यूबांत ओतताना बाटलीचं तोंड एका ट्यूबेला टेकतं, आणि मग पुढच्या प्रत्येक ट्यूबमध्ये जंतू जातो. उपाय म्हणजे प्रत्येक ट्यूबेसाठी बफर आधीच वेगळं भरून ठेवणं, एका वेळी एकच ट्यूब उघडणं आणि खेपेच्या शेवटी निव्वळ बफरची एक ट्यूब नमुन्यासारखीच सगळ्या पायऱ्यांतून नेणं. ती शेवटचीच असायला हवी. सुरुवातीला लावली तर काहीच कळत नाही. पॉझिटिव्ह नियंत्रणासाठी, म्हणजे क्षयजंतू नक्की उगवतो ना हे पाहण्यासाठी, एच३७आरव्ही हा क्षयजंतूचा प्रमाणित स्ट्रेन (वाण) वापरतात, पण तो रुग्णांच्या नमुन्यांनंतर, वेगळ्या पिपेटने. संशय कधी घ्यायचा? स्लाइड निगेटिव्ह, दोनपैकी एकाच स्लोपवर चार-पाच वसाहती, द्रव ट्यूब फार उशिरा पॉझिटिव्ह, आणि त्याच खेपेत शेजारी तीन प्लसचा, म्हणजे स्लाइडवर भरपूर जंतू दिसलेला, नमुना. अशा वेळी अहवाल सोडण्याआधी खेपेची वही काढून क्रम पाहावा आणि दोन्ही जंतूंचा जनुकीय ठसा जुळवावा.

मशीनने पॉझिटिव्ह म्हटलं की ते क्षय आहे असं नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत वाजलेली ट्यूब बहुधा दूषित असते. क्षयाच्या ट्यूबमध्ये वरचं पाणी निवळ आणि तळाशी रवाळ कण दिसतात. तीन गोष्टी एकदम कराव्यात: झील-नील्सन पद्धतीने रंगवलेली स्लाइड, ज्यात दोरीसारखे गुंफलेले लाल जंतू दिसायला हवेत, ब्लड अगारवर (साधे जंतू चटकन वाढतात अशा माध्यमावर) एक थेंब, जो ४८ तास कोरा राहायला हवा, आणि एमपीटी६४ हे क्षयजंतूचं प्रथिन ओळखणारी पट्टी, १५ मिनिटांत. क्षयाच्या काही स्ट्रेन्समध्ये हे प्रथिन बिघडलेलं असतं, तेव्हा दोरी दिसत असूनही पट्टी कोरी राहिली तर नमुना जनुकीय चाचणीला पाठवावा, "क्षय नाही" असं लिहू नये.

औषधसंवेदनशीलता, म्हणजे कुठलं औषध या जंतूवर चालतं याची चाचणी, लावायची असेल तर दिवस मोजा. मशीन वाजल्यानंतर पहिल्या-दुसऱ्या दिवशी ट्यूबमधलं द्रव तसंच वापरता येतं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी १ मिलित ४ मिलि सलाइन घालून. पाच दिवस उलटले तर नव्या ट्यूबमध्ये पुन्हा वाढवावं लागतं. शनिवारी वाजलेल्या ट्यूबेची नोंद शनिवारीच झाली नाही, तर हा हिशोब सोमवारी चुकतो.

द्रव ट्यूब ४२ दिवस आणि स्लोप आठ आठवडे पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही. आणि दूषित ट्यूबेसमोर "दूषित" हाच शब्द लिहायचा. चाचणीच्या तक्त्यात तो रकाना निगेटिव्हमध्ये मिसळला तर औषध आहे त्याहून चांगलं दिसतं, पॉझिटिव्हमध्ये मिसळला तर वाईट. तो वेगळा ठेवायचा, फ्रिजमधला गाळ काढायचा आणि पुन्हा लावायचा.